तळ्याचं विरजण

आमच्या गल्लीत कुणाच्याही घरचं दही खाल्लं, तरी ते मुळात पोश्शाजानचंच असायचं. सकाळी वाडगा घेऊन तिच्या दारात उभं राहिलं की आतून "कोण ते?" असा आवाज यायचा, आणि नाव सांगून होईपर्यंत वाडग्यात चमचाभर विरजण पडलेलंही असायचं. द्यायला ती कधी कां-कूं करत नसे. मात्र हंडीच्या तळाशी वाटीभर दही राहिलं की त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. पाहुणे असोत, जावई असो, ते वाटीभर तिथंच राहायचं. तिच्या मुलाने, ओतानझारने, लहानपणी एकदा ते बोटाने चाटून साफ केलं, तेव्हा तिने त्याला असं काही फैलावर घेतलं की पुढे रशियात बांधकामावर गेल्यावरही म्हणे तो दह्याचं भांडं पुसून खात नाही.

तिचा नवरा मत्याकूब तळ्याचा राखणदार होता. राखणदार म्हणजे पगार नाही, शिक्का नाही, काही नाही. कालव्याचं पाणी कधी आत घ्यायचं आणि कधी दार लावायचं ते तो बघायचा, त्याच्या आधी त्याचा बाप बघायचा. तळं गल्लीच्या मधोमध. काठावर एक काळं एल्मचं झाड, त्याखाली बसायला मातीचा ओटा. खोरेझमच्या उन्हाळ्यात माणसाला दुसरीकडे कुठं जीव रमवायचा म्हटलं तरी जागा नाही.

पोश्शाजान लग्न होऊन आली ती तुतीची फळं पिकायच्या दिवसांत. पहिल्याच संध्याकाळी नव्या नवरीला ओट्यावर बसवून चहा दिला, आणि तिच्या पियाल्यात चिलट पडलं. समोर सासू, चुलतसासू, साऱ्या गल्लीच्या बायका. बोटाने काढावं तर नवरीने असं करावं का, आणि न काढावं तर प्यावं कसं? ती पियाला धरून तशीच बसली. मत्याकूब मागून जाता जाता हळूच म्हणाला, "पी. चावत नाहीत ही." लग्न झाल्यावर नवरा तिच्याशी बोलला ते पहिलं वाक्य हे. तिने डोळे मिटून चहा प्यायला आणि पुढची सगळी वर्षं या माणसाकडून फार काही बोलण्याची अपेक्षा ठेवली नाही.

पण तळ्याकाठी बसला की तो बोलायचा. पाण्यातल्या किड्यांना त्याने गल्लीतल्या माणसांची नावं दिली होती, आणि एकदा का नाव पडलं की ते चिकटायचं. पाण्यावर पोट टेकवून गरागरा फिरणारी, कुठंच न पोचणारी निवळी म्हणजे रजबबोय, आमच्या मोहल्ल्याचा म्होरक्या. पाठीवर पोहणारा उलटा किडा म्हणजे सोबिर न्हावी, कारण तुम्ही हो म्हणालात की तो नाही म्हणणार. पानाखाली मुकाट बसून एकदम जबडा पुढे टाकणारी चतुराची अळी म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार. काड्या आणि वाळूचे कण चिकटवून केलेलं घर पाठीवर घेऊन हिंडणारी अळी म्हणजे सनोबर, जी सासरी आली ती पेट्याच पेट्या घेऊन. आणि ज्या माश्यांना तोंडच नसतं, ज्या एका संध्याकाळी झगझगीत पंख लावून येतात आणि सकाळी काठावर पडलेल्या असतात, ते ताश्कंदचे पाहुणे: नटून येतात, ताटाला हात लावत नाहीत, आणि मुक्कामाला थांबत नाहीत.

चिलटांना मात्र त्याने नावं दिली नाहीत. ती फार आहेत, म्हणायचा. बर्फ वितळल्या वितळल्या निघणारी बारीक काळी वेगळी, तुतीच्या दिवसांतली हिरवी वेगळी. पाण्यात काचेसारखी अळी दिसते, म्हणजे दिसतच नाही, तिची वेगळी. आणि सगळ्यांत जास्त ती, ज्यांच्या अळ्या रक्तासारख्या लाल असतात आणि गाळात बिळं करून हिवाळा काढतात. संध्याकाळी यांचे नर तळ्यावर खांब करून नाचायचे. त्यांना टाचण्या आणि चतुर खायचे, अळ्यांना मासे, माशांना बगळे. "ही म्हणजे आपण सगळे," तो म्हणायचा. "किती जणांना नावं ठेवणार?"

"आणि यात मी कोण?" पोश्शाजानने एकदा विचारलं. तो नुसता हसला आणि एल्मखालच्या कोपऱ्याकडे बघत राहिला. तिला वाटलं, नेहमीप्रमाणे टाळतोय.

त्या कोपऱ्याची गोष्ट अशी. दरवर्षी मार्चच्या सुमाराला, कालव्याला पाणी सुटायच्या आधी, तळं रिकामं करून हशर भरतो. हशर म्हणजे गल्लीतल्या प्रत्येक घरातला माणूस आपलं केतमन घेऊन येतो, लांब दांड्याचं गोल पात्याचं खोरं ते, आणि सगळे मिळून गाळ उपसतात. गाळ बागांना जातो, बायका कढई चढवतात, दिवस मजेत जातो. मत्याकूब आला की आधी एल्मखालच्या कोपऱ्यात जायचा, आपलं केतमन गाळात रोवायचा आणि मग हात मागे बांधून इतरांच्या चुका काढत फिरायचा. राखणदाराचं केतमन जिथं उभं, तिथं कुणी खणायचं नाही, हा आमच्याकडचा शिरस्ता. का, ते कुणी विचारत नसे. कामचुकारपणा करायला म्हाताऱ्याने जागा राखून ठेवलीय, असं म्हणून तरणी पोरं हसायची.

पोश्शाजानला मात्र ठाऊक होतं. एका सकाळी ती हंडी धुताना तळाचं दही वाटीत काढत होती, तेव्हा तो चौकटीत उभा राहून बघत होता. म्हणाला, "मीही तेच करतो." बस, एवढंच. पण तिला पुढचं सांगावं लागलं नाही.

मत्याकूब गेला तो कडाक्याच्या थंडीत. ओतानझार आला, बापाला खांदा दिला आणि कामावर परत गेला. पोश्शाजान इद्दतला बसली. इद्दत म्हणजे नवरा गेल्यावरचे चार महिने दहा दिवस; तेवढ्यात बाईने घर-बाग सोडून बाहेर जायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. मार्चमध्ये हशरचा दिवस आला तेव्हा ती घरातच होती. भिंतीपलीकडून केतमनांचा आवाज येत होता. त्याचं केतमन तिच्या खोलीत कोपऱ्यात उभं होतं. कुणाबरोबर तरी ते पाठवावं, असं एकदा तिच्या मनात आलं. मग वाटलं, विधवेने केतमन पाठवलं की लोक म्हणतील, माणूस गेला तरी तळ्यावरचा हक्क सोडत नाही. शिवाय तो कोपरा इतक्या वर्षांत कुणी खणला नाही, तो आता कोण खणणार? ती बसून राहिली.

दुपारनंतर रजबबोय दारात आला. तो पडद्यापलीकडेच उभा राहिला.

"यांगा," तो म्हणाला. आमच्याकडे थोरल्या भावाला अका, त्याच्या बायकोला यांगा आणि धाकट्या भावाला उका म्हणतात, आणि मत्याकूब त्याला थोरल्या भावासारखाच होता. "अकाच्या नावाने आज असं काम केलंय की बघत राहाल. तळं नाही, पियाला झालाय. कणभर गाळ ठेवला नाही. तुमच्यासाठी राखलेला कोपराही मी स्वतः उपसला. त्यातली एक पाटीसुद्धा दुसरीकडे जाऊ दिली नाही, सगळा तुमच्या बागेत टाकलाय."

पडद्याआड पोश्शाजानला कळलं, तळ्याचं विरजणच गेलं. पण बाहेर गल्लीतली सगळी माणसं चिखलाने माखलेली उभी होती, आणि त्यांनी हे एका मेलेल्या माणसाच्या प्रेमापोटी केलं होतं. ती म्हणाली, "अल्ला तुमचं भलं करो, उका." मग ती मागच्या दाराने बागेत गेली. जर्दाळूच्या बुंध्याशी काळा गाळ पसरलेला होता, आणि तिच्या कोंबड्या त्यातल्या लाल लाल अळ्या वेचून खात होत्या. ती बघत उभी राहिली. निदान एक घमेलंभर उचलून ठेवावा, हे तिला तेव्हा सुचायला हवं होतं. माणूस गेल्यावर डोकं कुठं चालतं? ते सुचलं तोवर रात्रीच्या थंडीत गाळ दगडासारखा झाला होता आणि कोंबड्यांनी उरलंसुरलं संपवलं होतं. तुमच्यासाठी राखलेला कोपरा, असं रजबबोय का म्हणाला, हे मात्र तिला कळलं नाही. बरं वाटावं म्हणून बोलला असेल, असं तिने मनाशी धरलं.

पाणी आलं, ऊन तापलं, लोक ओट्यावर जमू लागले. पहिले काही दिवस सगळे खूश होते. चहात चिलट नाही, दिव्याभोवती पाखरं नाहीत, भातात काही पडत नाही. रजबबोय तर आल्यागेल्याला तळं दाखवत होता. इद्दत संपल्यावर पोश्शाजान काठावर आली आणि तिने पाण्यात बघितलं. पाणी स्वच्छ होतं आणि त्यात कुणी नव्हतं. उलटा सोबिर नाही, पेट्यावाली सनोबर नाही. संध्याकाळी खांब नाही. नवरा गेल्यावर घर रिकामं होतं तेवढं तिने सोसलं होतं, पण सारी गल्लीच उठून गेल्यासारखं तळं बघून तिला तिथंच रडू आलं. बायकांना वाटलं, नवऱ्याच्या आठवणीने रडतेय. तेही खोटं नव्हतं.

रिकामं घर फार दिवस रिकामं राहत नाही. तळ्यात आधी आले डास. त्यांना गाळ लागत नाही, काही लागत नाही, आणि आता त्यांच्या पिल्लांना खाणारं कुणी नव्हतं. पाणी हिरवं पडलं, मग त्याला वास येऊ लागला. लोक संध्याकाळी घरात दारं लावून बसायला लागले. सनोबरच्या नातवाचं तोंड चावून चावून सुजलं. शेवटी चहाखान्यात बैठक झाली आणि ठरलं ते असं, की नळ आता घरोघरी आलेत, तळं हवंय कुणाला? कापूस वेचून झाला की ट्रॅक्टर मोकळा होईल, मग माती टाकून बुजवून टाकू. वर सोबिर न्हाव्याने "बुजवा" म्हटलं. जन्मात पहिल्यांदा तो सगळ्यांच्या बाजूने बोलला.

ही बातमी पोश्शाजानला दही न्यायला आलेल्या बायकांनी सांगितली. ती त्यांच्या वाडग्यांत विरजण घालत राहिली. पण आत तिचा नुसता संताप झाला होता. अरे, तुम्हीच खरवडलंत ना? आणि लगेच त्या संतापाची तिला लाज वाटली. बैठकीत जाऊन दोन वाक्यं बोलली असती तर सगळ्यांना पटलं असतं, पण त्या दोन वाक्यांचा अर्थ काय झाला असता? तुम्ही मत्याकूबचा मान केलात, त्यानेच त्याचं तळं मेलं. रजबबोयने स्वतःच्या हाताने तो कोपरा उपसला होता. त्या माणसाला हे सांगायचं कसं? तिने खूप विचार केला आणि ठरवलं की सांगायचं नाही. पंखवाले किडे दोन-चार वर्षांत आपले आपण परत येतीलही, पण तळ्याच्या हातात तेवढे दिवस नव्हते. आणि विरजण संपलं तर बाई काय करते? दुसरीकडून आणते.

तिचं माहेर एका सोडून दिलेल्या कालव्याच्या काठी, लव्हाळ्यांनी भरलेल्या डबक्यांचं गाव. ती बादली घेऊन गेली. भावजयीने विचारलं, "काय नेणार?" ही म्हणाली, "चिखल." भावजय हसून हसून बसली, मग स्वतःच पाण्यात उतरून तिने बादली भरून दिली. वर पोश्शाजानने दस्तरखानचं कापड बांधलं आणि परतीच्या डबागाडीत ती बादली मांडीवर घेऊन बसली.

शेजारच्या बाईने विचारलं, "दही का?"

"विरजण," पोश्शाजान म्हणाली, आणि तिच्या मते ते खरंच होतं.

"कुठलं?"

"माहेरचं."

गाडीभर कौतुक झालं. माहेरचं विरजण नेणारी बाई आता कुठं बघायला मिळते, वगैरे. मग एका खड्ड्यात गाडी आदळली, कापड सुटलं आणि पाण्याचा एक हबका समोरच्या माणसाच्या मांडीवर गेला. त्यात एक उलटा पोहणारा किडा होता, आणि त्याला राग आला की तो सुईसारखा डसतो. माणूस ताडकन उठला, त्याचं डोकं टपाला लागलं.

"एने," तो पोश्शाजानला आईसारखी हाक मारत म्हणाला, "तुमचं दही चावतंय हो."

गाडीने पुढचा रस्ता हसत काढला. आणि गाडीत जे बोललं जातं ते गल्लीत पोचायला वेळ लागत नाही. तरी पोश्शाजान पुन्हा पुन्हा जात राहिली. कधी लाल अळ्यांचा गाळ, कधी पाणवेली, कधी कपड्याने गाळून आणलेले बारीक किडे. सगळं एल्मखालच्या कोपऱ्यात हळूच सोडायची. कुणी विचारलं तर बादली धुतेय म्हणायची. एकदा रजबबोयने तिला तिथं गाठलं. तो जरा वेळ पाण्याकडे बघत उभा राहिला.

"यांगा, दही लागलं का?" त्याने विचारलं.

"बघू," ती म्हणाली. तो गेला.

कापूस संपला. रोज सकाळी ती उठून आधी ट्रॅक्टरचा आवाज ऐकायची. तो आला नाही. रजबबोयने सांगितलं, डिझेल मिळत नाही. मग सांगितलं, ट्रॅक्टरचा कुठलासा भाग मोडलाय. मग पाऊस झाला, रस्ता ओला आहे म्हणाला. लोक त्याच्यावर चिडले, निवळी ती निवळीच, नुसती फिरते, म्हणाले. बर्फ पडायच्या आधीच्या शेवटच्या उबदार दिवशी पोश्शाजान ओट्यावर बसली होती. ऊन कलताना एल्मखालच्या पाण्यावर काहीतरी हललं. खांब नव्हता तो, मूठभर चिलटं होती, वरखाली करत होती. एक तिच्या पियाल्यात पडलं. तिने कुणाला सांगितलं नाही. चहा पिऊन टाकला आणि अंधार पडेपर्यंत तिथंच बसून राहिली. मग तळं गोठलं आणि बुजवायचा विषय वसंतावर गेला.

मत्याकूबला वर्ष झाल्याचं जेवण झालं. त्यानंतर थोड्याच दिवसांत, मार्चमध्ये, रजबबोय पुन्हा दारात आला. आता मध्ये पडदा नव्हता. टोपी हातात घेऊन तो उभा राहिला.

"यांगा, अकाचं केतमन द्या."

"कशाला? तळं तर बुजवताय ना?"

"आज हशर आहे. तळं बुजवायचं नाही, सगळ्यांना सांगितलंय." तो खाली बघत बोलत होता. "गेल्या साली केतमन नव्हतं. कुठं थांबायचं ते कळलं नाही आम्हाला."

 तो पुढे म्हणाला, "उन्हाळ्यात मी काठावर बसून पाण्यात स्वतःला शोधत होतो. एक निवळी नव्हती, यांगा. तेव्हा डोक्यात शिरलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

 मग पोश्शाजानने वर्षभर मनात राहिलेलं विचारलं. "तो कोपरा माझ्यासाठी राखलेला, असं का म्हणाला होतास?"

"अकाच म्हणायचा. या कोपऱ्यात कोण राहतं विचारलं की म्हणायचा, माझी बायको. आम्ही हसायचो. वाटायचं, हिच्या बागेसाठी गाळ राखतोय म्हातारा." त्याने टोपी डोक्यावर घातली. "म्हणून तर तुमच्याकडे आणून टाकला."

पोश्शाजान आत गेली. केतमन घेऊन बाहेर आली तेव्हा रजबबोयने हात पुढे केला, पण तिने ते दिलं नाही. रबरी बूट घातले आणि त्याच्या पुढे चालू लागली. तळ्यात माणसं आधीच उतरली होती. बाई हशरच्या चिखलात उतरते हे आमच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं, पण माणसं सरकून तिला वाट देत गेली. सोबिर न्हावीसुद्धा बाजूला झाला. एल्मखालच्या कोपऱ्यात गाळ बोटभरच होता. विरजणाला किती लागतं? तिने केतमन रोवलं आणि दांड्याला टेकून ती तिथं संध्याकाळपर्यंत उभी राहिली. सगळे खणत खणत तिच्यापर्यंत आले आणि तिथं थांबले.